घरच्या सीएनसीसाठी कटर निवडताना: आधी कॉलेट, मग लाकूड

घरी सीएनसी राऊटर (संगणकाच्या आकड्यांवर चालणारं कापायचं-कोरायचं मशीन) जोडणारे बहुतेक जण कटरचा प्रश्न उलट्या टोकाने विचारतात. सागवानाला कुठलं बिट चांगलं? अ‍ॅक्रिलिकला कुठलं? कारखान्यात हा प्रश्न ठीक आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या व्हीएमसीचा (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मिलिंग मशीनचा) बिडाचा सांगाडाच काही टनांचा असतो, स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारी मोटार, मागाल तो वेग देतो. तिथे मटेरियल बघून कटर काढला की काम होतं. आपलं मशीन म्हणजे अ‍ॅल्युमिनियम सेक्शनची चौकट, त्यावर नेमा २३ मापाच्या स्टेपर मोटारी आणि एक ट्रिमर (सुताराचा लहान हँड राऊटर), नाहीतर दीड किलोवॅटचा स्पिंडल. ते कुठे वाकतं, कुठे थरथरतं, किती वेगाने पळू शकतं हे आधी बघायचं आणि त्या कमजोरीला साजेसा कटर निवडायचा. मटेरियलचा नंबर त्यानंतर.

जी-कोड (मशीनला द्यायच्या सूचना) वगैरे इथे समजावत बसत नाही. जकार्डच्या पुठ्ठ्यावरच्या भोकांनी चादरीवर फुलं उमटताना ज्या गावाने पाहिली आहेत, त्या गावाला आकड्यांवर चालणारं मशीन नवं नाही. अडतं ते धारेपाशी.

चौकट बांधताना लागणारी हत्यारं

राऊटरचे कटर विकत घेण्याआधी मशीन उभं करायला ड्रिल आणि टॅप (भोकात आटे पाडणारं हत्यार) लागतात, आणि लोक काटकसर करतात ती नेमकी इथे. एचजीआर २० ची लिनिअर रेल (सरकत्या भागाचा रूळ) घेतली असेल तर तिला एम ५ चे बोल्ट लागतात. एम ५ टॅपसाठी ४.२ मिमी ड्रिल, एम ४ साठी ३.३, एम ६ साठी ५, एम ८ साठी ६.८. हे चार ड्रिल चांगल्या कंपनीचे एचएसएस (हायस्पीड स्टीलचे) घ्या. अ‍ॅडिसन, मिरांडा, टोटेम ही नावं कुठल्याही जुन्या टूल्सच्या दुकानात मिळतात. टॅप तीनचा सेट घ्या आणि क्रमाने वापरा. पहिला टॅप निमुळता असतो, तोच भोकात सरळ उतरायला मदत करतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. अ‍ॅल्युमिनियमला दोन थेंब रॉकेल किंवा कटिंग ऑइल.

सेक्शन कापायला हॅक्सॉ घेऊन बसू नका. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडे कार्बाइड दातांचं कटिंग मशीन असतं, तो काटकोनात कापून देतो. प्लेटमधली मोठी भोकं मात्र लेथवाल्याकडून बेंच ड्रिलवर पाडून घ्यावीत. १० मिमीचा एचएसएस ड्रिल लोखंडात मिनिटाला ८००-९०० फेऱ्यांवर चालायला हवा. हँड ड्रिल पूर्ण दाबून तीनपट वेगाने फिरवला की टोक निळं पडतं आणि धार गेली.

कॉलेट: सूत की मिलिमीटर

आता राऊटरकडे. खरेदीची यादी करण्याआधी स्पिंडलचा कॉलेट, म्हणजे बिट आवळून धरणारी चिरा असलेली नळी, काढून हातात घ्या आणि त्यावर काय कोरलंय ते वाचा. दीड किलोवॅटपर्यंतच्या लहान स्पिंडलना बहुधा ईआर ११ मापाचा असतो. तो ७ मिमीपर्यंतचा शँक (बिटचा धरायचा दांडा) धरतो. २.२ किलोवॅटला ईआर २० येतो, तो १३ मिमीपर्यंत जातो. ट्रिमरला एकच कॉलेट असतो, ६ मिमीचा किंवा पाव इंची.

गोंधळ इथेच होतो. आपल्या सुताराच्या हिशोबात एक सूत म्हणजे ३.१७५ मिमी आणि दोन सूत म्हणजे ६.३५. बाजारात सूताच्या शँकची बिटंही येतात आणि ३, ४, ६ मिमीचीही. नुसत्या डोळ्यांना ६ आणि ६.३५ मधला फरक जाणवत नाही, कॉलेटला जाणवतो. ईआर ११ चा प्रत्येक कॉलेट आपल्या मापापेक्षा जेमतेम अर्धा मिमी खाली आवळला जातो. म्हणजे ६ च्या कॉलेटमध्ये ६.३५ जाणार नाही, आणि ७ च्या कॉलेटमध्ये ते जाईल पण नीट धरलं जाणार नाही; काम चालू असताना हळूहळू खाली सरकेल आणि खालच्या फळीत खड्डा पाडेल. ६.३५ चा आणि ३.१७५ चा कॉलेट वेगळा मिळतो, तोच घ्यायचा. ३.१७५ चं बिट साडेतीनच्या कॉलेटमध्ये बसतं खरं, पण मापाचा कॉलेट शँकला सगळीकडून सारखा कवटाळतो, तसा हा नाही.

पार्सल आलं की आधी व्हर्नियर लावा. पुडीवर ६ लिहिलेलं आणि आत ६.३५ निघालेलं, असंही होतं.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षात दोनच मापं ठेवा: ३.१७५ आणि ६. दोन चांगले कॉलेट, बाकी काही नाही. स्पिंडलबरोबर आलेला कॉलेट साधारण असतो. कटरवर पैसे घालण्याआधी कॉलेटवर घातलेले पैसे जास्त कामाला येतात, हे पुढे रनआऊटपाशी (फिरताना कटरचं हेलकावणं) कळेल.

वेगाची अडचण

राऊटरचा स्पिंडल वेगाने फिरायला केलेला असतो. चोवीस हजारी स्पिंडल व्हीएफडीवर (मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) ४०० हर्ट्झला २४,००० फेरे देतो, ३०० हर्ट्झला १८,०००. खाली आणाल तसा जोर कमी होतो, आणि हवेवर थंड होणाऱ्या स्पिंडलचा पंखा त्याच्याच दांड्यावर असल्याने वाराही कमी होतो. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात शेडमधलंच तापमान चाळिशीच्या वर असताना हा स्पिंडल सहा हजारांवर तासभर चालवणं म्हणजे बेअरिंगला भाजणं आहे. ट्रिमर घेतला असेल तर वेग कमी-जास्त करता येणारा असावा. एकाच वेगाचे स्वस्त ट्रिमर तीस हजारांच्या आसपास पळतात आणि अ‍ॅक्रिलिक कापण्याऐवजी वितळवतात.

यावरून दोन गोष्टी ठरतात. ६ मिमी कटर १८,००० वर फिरला की त्याची धार मिनिटाला सुमारे ३४० मीटर वेगाने मटेरियलवर घासते. एवढा वेग कार्बाइड (टंगस्टनचा अतिकठीण पदार्थ) सोसतो. एचएसएस अ‍ॅल्युमिनियममध्येही याच्या पाव-तृतीयांश वेगातच खूश असतं. म्हणून राऊटरसाठी कटर सॉलिड कार्बाइडचाच. दुसरं, लोखंड विसरा. ६ मिमीचा एचएसएस एंड मिल माइल्ड स्टीलमध्ये दीड हजार फेऱ्यांच्या आसपास चालवायचा असतो. आपला स्पिंडल तिथे नीट फिरतसुद्धा नाही, आणि कार्बाइड लावला तरी चौकट तेवढा जोर झेलत नाही. कुणी व्हिडिओत करून दाखवलं असेल. करू दे.

कार्बाइड खरं आहे का, हे ओळखायला सराफी काटा पुरतो. कार्बाइड स्टीलच्या जवळजवळ दुप्पट जड असतं. ६ मिमी जाड, ५० मिमी लांब कटर कार्बाइडचा असेल तर १८ ग्रॅमच्या आसपास भरेल, स्टीलचा असेल तर १० च्या आसपास. चुंबक लावून फसू नका. कार्बाइडमध्ये कोबाल्ट असतं, त्यामुळे तेही थोडं चिकटतं.

आखूड आणि जाड

घरच्या मशीनसाठी एकच नियम पाठ करायचा असेल तर हा: कामाला पुरेल एवढा आखूड आणि कोपऱ्यात जाईल एवढा जाड कटर. कॉलेटमधून बाहेर आलेला कटर म्हणजे एका टोकाला पकडलेली दांडी. लांबी दुप्पट केली की ती तेवढ्याच जोराला आठपट वाकते. जाडी दुप्पट केली की सोळापट ताठ होते. ३.१७५ चं बिट १२ मिमी धारेचंही मिळतं आणि २२ मिमी धारेचंही, दोन्ही जवळपास एकाच किमतीला. लांब असलं की सगळीकडे चालेल म्हणून लोक २२ चं उचलतात. ते १२ वाल्यापेक्षा सहापट वाकतं. ६ मिमी अ‍ॅक्रिलिक कापायला बावीसची धार कशाला हवी?

त्यातून कार्बाइड ताठ आहे, स्टीलच्या अडीच-तीनपट, पण ठिसूळ आहे. वाकत वाकत सांगून मोडत नाही. एकदम टक्क आवाज येतो आणि तुकडा कुठे गेला ते कळतही नाही. चष्मा घातल्याशिवाय मशीनसमोर उभं राहायचं नाही ते यासाठी.

फ्लूट किती

एमआयडीसीत कुणी ओळखीचा असेल तर तो हमखास वापरलेले एंड मिल देऊ करतो, भंगारातही किलोवर मिळतात. काळ्या कोटिंगचे, चार फ्लूटचे (फ्लूट म्हणजे धार आणि तिच्यापुढची चिपची खाच), दिसायला झकास. बहुतेक आपल्या कामाचे नसतात. शँक १० किंवा १२ चा, म्हणजे ईआर ११ मध्ये जातच नाही. धार स्टीलसाठी दिलेली. आणि चार फ्लूट.

फ्लूटचा हिशोब एकदा कागदावर करून बघा. फीड, म्हणजे कटर पुढे सरकण्याचा वेग, म्हणजे फेरे गुणिले फ्लूट गुणिले प्रत्येक धारेने घ्यायची चिप (कापलेल्या पापुद्र्याची जाडी). लाकडात ६ मिमी कटरची चिप ०.०५ मिमी धरू. दोन फ्लूट, १८,००० फेरे: मिनिटाला १८०० मिमी फीड लागेल. चार फ्लूट असतील तर ३६००. तुमचं मशीन स्टेप न चुकवता हजारच देत असेल तर काय होईल? दोन फ्लूटच्या प्रत्येक धारेला ०.०२८ मिमी येईल, चार फ्लूटला ०.०१४. एवढ्या पातळ थरात धार कापत नाही, घासते. घासली की तापते, तापली की लाकूड काळं पडतं आणि धार मरते. त्याच मशीनला एका फ्लूटचा कटर लावा, चिप ०.०५५ होते आणि काम स्वच्छ निघतं. हळू मशीनला कमी फ्लूट. बिट जळतंय म्हणून फीड आणखी कमी करणारे बरेच भेटतात. आजार तोच वाढवतात.

तुमचं मशीन खरंच किती फीड देतं ते मोजून ठेवा. शून्यावर पेन्सिलची खूण करा, वाढत्या फीडने शंभर-दोनशे वेळा पुढे-मागे पळवा, परत शून्यावर आणा. खूण चुकायला लागली की त्याच्या सत्तर टक्के हा तुमचा आकडा.

आकार कुठला

अपकट बिट चिप वर ओढतं. खाच मोकळी राहते, कटर थंड राहतो, पण वरच्या पृष्ठाचे धागे उपटले जातात. डाऊनकट वरची कड सुरेख ठेवतं आणि भुसा खाली दाबत जातं. खोल खाचेत तो दाबलेला भुसा तापून धुमसू लागतो, म्हणून डाऊनकट लावून चहाला जायचं नाही. सोलापुरात मागाच्या घरांत कापसाचा धुरळा असतो, त्यात ठिणगी नको.

सनमायका लावलेल्या प्लायसाठी कॉम्प्रेशन बिट सुचवलं जातं. खालचा भाग अपकट, वरचा डाऊनकट, दोन्ही कडा साफ. पण त्याची अट अशी की पहिल्याच पासात अपकट भाग पूर्ण आत बुडेल एवढं खोल कापलं पाहिजे, म्हणजे चार-सहा मिमी. आपल्या चौकटीला प्लायमध्ये ते सहसा जमत नाही. मग महाग बिट घेऊन फायदा काय? पहिला दोन मिमीचा पास डाऊनकटने आणि उरलेले अपकटने, तेवढ्यात काम भागतं.

बॉल नोज थ्रीडी कोरीव कामाला. ६ मिमीच्या बॉलला ०.६ मिमीचं स्टेपओव्हर (दोन ओळींतलं अंतर) दिलं की दोन ओळींमधला उंचवटा ०.०१५ मिमी राहतो, पॉलिश पेपरचा एक हात पुरतो. सरफेसिंग बिट २२ ते २५ मिमीचं एक घ्यावंच, बेडवरची एमडीएफ मशीनने स्वतःच सपाट करायला. ते मोठं असतं, चौदा-सोळा हजारांच्या वर फिरवू नका आणि एका वेळी अर्धा मिमीच घ्या.

व्ही-बिटवर मात्र थोडं थांबू, कारण गावात सगळ्यात आधी काम मिळतं ते घराच्या पाटीचं. व्ही-बिट अक्षराच्या रुंदीप्रमाणे खोल जातं. ६ मिमी रुंद दांडा ९० अंशांच्या बिटने ३ मिमी खोल होतो, ६० अंशांच्या बिटने सव्वापाच. देवनागरीत शिरोरेषा आणि काने जाड असतात आणि त्यांच्या पोटात ‘क्ष’, ‘श्री’ सारख्या अक्षरांच्या बारीक वाटोळ्या जागा. १२ मिमीच्या फळीवर मोठी जाड अक्षरं कोरायची तर ९० अंश घ्या, नाहीतर फळी अर्ध्यापर्यंत पोखरली जाते. अक्षर इंचभर उंचीचं असेल तर ६० अंश. कोपरे टोकदार येतात आणि गाठी भरून जात नाहीत. सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्व भागातून तेलुगू पाटीची ऑर्डर आली तर आणखी एक विचार करा: ती वळणं सगळी गोल, लहान आणि एकमेकांना खेटून असतात. तिथे ३० अंशांचं किंवा निमुळतं बॉल नोज हाताशी असावं. कुठलंही असो, व्ही-बिटचं काम फळी सपाट असेल तरच नीट येतं. पाटीचं एक टोक अर्धा मिमी उचललेलं असेल तर ९० अंशांच्या बिटने तिकडची रेघ एक मिमीने जाड होते.

आता मटेरियल

सागवान दिसायला मऊ, पण त्यात सिलिका असते आणि ती धार खाते. कार्बाइड, दोन फ्लूट, अपकट. जुन्या वाड्याची तुळई किंवा मोडीतल्या मागाचं लाकूड मिळालं तर सोन्याहून पिवळं, मात्र कापण्याआधी चारही बाजूंनी चुंबक फिरवा. खिळ्याचं डोकं तुटून गेलेलं असतं आणि वरून मेण-रंग बसलेला, दिसत नाही. एक खिळा म्हणजे एक बिट.

एमडीएफला साधं सरळ दोन फ्लूटचं स्वस्त कार्बाइड बिट चालतं. धूळ मात्र पिठासारखी बारीक आणि रेझिनची, मास्क आणि व्हॅक्यूम हवंच. प्लायचा डिंक धारेवर चिकटतो. बिट थिनरमध्ये बुडवून ब्रशने घासलं की बऱ्याचदा ‘बोथट’ झालेलं बिट परत कापायला लागतं.

अ‍ॅक्रिलिक घेताना कास्ट शीट मागा. एक्स्ट्रूडेड शीट थोड्या उष्णतेत मऊ होते आणि चिप परत खाचेत चिकटून बसते. कटर एका फ्लूटचा, ओ-फ्लूट म्हणतात तो, आतून आरशासारखा गुळगुळीत. ३.१७५ ला १६,००० फेरे, ०.०६ चिप, म्हणजे फीड ९६० च्या आसपास. वरचा कागद काढू नका. चिप सुटी, कुरकुरीत उडाली पाहिजे. तिचा दोरा होऊन कटरला गुंडाळला जायला लागला तर लगेच फेरे कमी करा किंवा फीड वाढवा. डाऊनकट इथे अजिबात नको. आणि उन्हाळ्यात हे काम सकाळी उरकावं. दुपारी शीटच पत्र्याखाली तापून बसलेली असते.

मागाच्या सुट्या भागांसाठी नायलॉन आणि हायलम विचारतात. नायलॉनलाही ओ-फ्लूटच, धार कोरी करकरीत. त्याची कड तंतुमय निघते, ती ब्लेडने काढावी लागते. हायलम म्हणजे कापड आणि फेनॉलिक रेझिन. धार झपाट्याने झिजवतं, वास सहन होत नाही. सरळ दोन फ्लूटचं कार्बाइड लावा आणि ते बिट हायलमपुरतंच बाजूला ठेवा.

एसीपीचं (दोन पत्र्यांमध्ये प्लॅस्टिक असलेल्या शीटचं) वळवायचं काम असेल तर ९० अंशांचं, टोकाशी थोडं सपाट असलेलं व्ही-ग्रूव्ह बिट लागतं. खालचा पत्रा आणि त्यावर प्लॅस्टिकचा पातळ थर शिल्लक राहिला पाहिजे, म्हणून बेड आधी सपाट.

पीसीबीला (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डाला) ३० अंशांचं, ०.१ मिमी टोकाचं व्ही-बिट. ०.१ मिमी खोल गेलं की रेघ ०.१५ मिमी रुंद येते, ०.२ खोल गेलं की ०.२१. म्हणजे खोलीतली चूक रुंदीत उतरते, तेव्हा पृष्ठभागाचं प्रोबिंग (ठिकठिकाणी उंची मोजणं) करून घ्या. काचेच्या धाग्याचा बोर्ड बिट लवकर मारतो आणि धूळ फुप्फुसाला वाईट. शिकताना कागदी फेनॉलिक बोर्ड घ्या.

अ‍ॅल्युमिनियमवर सगळ्यांचा डोळा असतो. जमतं, पण सबुरीने. आधी ग्रेड विचारा. दुकानात ‘एचई ३०’ म्हणून मिळतो तो ६०८२, छान कापला जातो. भंगारातला मऊ पत्रा कटरला लोण्यासारखा माखतो आणि फ्लूट भरला की बिट मोडतं. कटर ३.१७५, एक फ्लूट, १२ मिमीहून लांब नको, कोटिंग नसलेला आणि चकचकीत. काळसर टीआयएएलएन कोटिंग स्टीलसाठी आहे. त्यात अ‍ॅल्युमिनियमच असल्याने चिप त्याला आणखी चिकटते. कोटिंग हवंच असेल तर डीएलसी किंवा झेडआरएन. १६,००० फेरे, चिप ०.०२५, फीड ४००, आणि एका पासात ०.२ मिमी खोली. कमी वाटते ना? तेवढीच घ्या.

खाच कटरच्या रुंदीएवढीच कापू नका. ३.१७५ च्या कटरसाठी खाच चार मिमीची करा, चिपला बाहेर पडायला वाट मिळते. कॉम्प्रेसर किंवा फुंकणीने चिप सतत उडवत राहा, कारण कापलेली चिप पुन्हा कापताना बहुतेक बिटं मोडतात. वंगण म्हणून कटिंग ऑइलचे थेंब किंवा साबणाचं पाणी. टॅपिंगला चाललेलं रॉकेल इथे नको, ट्रिमरच्या कार्बन ब्रशमधून ठिणग्या पडतात. बॅकलॅश (स्क्रू-नटमधली ढिलाई) असलेल्या मशीनवर क्लाइंब कट (धार चिपच्या जाड बाजूने शिरते तो) कटरलाच पुढे खेचतो. रफिंग, म्हणजे पहिलं ढोबळ काम, कन्व्हेन्शनलने (धार पातळ बाजूने शिरते त्या उलट दिशेने) करा. प्लेटमधली भोकंही ड्रिलने न पाडता त्याच कटरने गोल फिरत खाली उतरून काढा. ड्रिल या वेगाला जळतो.

बसवताना

कॉलेट आधी नटमध्ये टक्क आवाज येईपर्यंत तिरका दाबून बसवायचा, मग नट स्पिंडलवर. कॉलेट नुसता स्पिंडलमध्ये टाकून वरून नट आवळला तर तो कलंडतो. बिट नसताना नट आवळू नका. शँक कॉलेटच्या तीन-चतुर्थांश लांबीपर्यंत तरी आत, आणि फ्लूट पूर्ण बाहेर.

मग डायल (बारीक हेलकावा मोजणारं घड्याळ) लावा. मॅग्नेटिक स्टँड बेडवरच्या लोखंडी पट्टीला, डायलची सुई शँकच्या गुळगुळीत भागावर, मशीनचा प्लग काढलेला. स्पिंडल हाताने एक फेरा फिरवा. काटा दोन घरं हलला, म्हणजे ०.०२ मिमी, तर छान. पाच घरं हलला तर विचार करा: तुमची चिपच ०.०३ ची आहे आणि कटर ०.०५ ने हेलकावे खातोय. दोन फ्लूटपैकी एकच धार कापतेय, दुसरी हवेत. कॉलेट काढा, आतला कोन आणि चिरा कोरड्या कापडाने पुसा, पाव फेरा फिरवून परत बसवा, पुन्हा मोजा. बऱ्याच वेळा सगळा दोष एका भुशाच्या कणाचा निघतो. पुसूनही जात नसेल तर कॉलेट बदला. कॉलेट ही झिजणारी वस्तू आहे, मशीनबरोबर आयुष्यभर टिकत नाही.

पहिला कट टाकाऊ तुकड्यावर, लाकडात कटरच्या जाडीच्या निम्म्या खोलीचा. कान उघडे ठेवा. एकसारखी गुणगुण हवी. किंचाळी आली तर फेरे कमी करा किंवा फीड वाढवा. घरघर आणि चौकटीत थरथर आली तर खोली कमी करा. थांबवून, प्लग काढून, बिटला बोट लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात लावता येत नसेल तर ते घासत होतं. खाली चिप पडल्या की भुकटी, तेही बघा. एमडीएफ सोडलं तर भुकटी चांगलं लक्षण नाही.

पहिली खरेदी

पन्नास बिटांची डबी घेऊ नका. त्यातली चाळीस कधीच लागत नाहीत आणि लागणाऱ्या दहांची धार यथातथाच असते. त्याऐवजी ही घ्या: ६ मिमी दोन फ्लूट अपकट एक, ६ मिमी डाऊनकट एक, ३.१७५ ओ-फ्लूट १२ मिमी धारेची तीन (मोडणार, म्हणून तीन), व्ही-बिट ६० आणि ९० अंशांचं एकेक, आणि सरफेसिंग बिट. बॉल नोज पहिली थ्रीडी ऑर्डर आली की घ्या. ड्रिल-टॅप सोलापुरातच मिळतात, कार्बाइडही एमआयडीसीला माल पुरवणाऱ्या दुकानांत विचारलं तर निघतं. मुंबईला जाणं झालंच तर नागदेवी स्ट्रीटवर चक्कर मारा. तिथे बिट हातात घेऊन, भिंगाखाली टोक बघून घेता येतं, जे ऑनलाइन जमत नाही. टोकाला पांढरी चमकणारी रेघ दिसली तर धार आधीच बसलेली आहे.

बिटं एकमेकांवर आपटतील अशी डब्यात टाकू नका. लाकडी ठोकळ्यात भोकं पाडून उभी ठेवा. कार्बाइडची धार कार्बाइडवरच फुटते. बोथट झालेलं ३.१७५ धार लावण्याच्या भानगडीत न पडता बाजूला काढा. शँक मात्र शाबूत असतो, तो फेकू नका. एक तुकडा रनआऊट मोजायला डायलपाशी ठेवा. आणि दोन बाजूंनी काम करायचं असेल तेव्हा बेडमध्ये आणि फळीत एकाच प्रोग्रॅमने ३.१७५ ची दोन भोकं पाडा, त्यात हे शँक घट्ट बसवा. फळी उलटली तरी पुन्हा त्याच जागी बसते. त्यासाठी भोकं फळीच्या मधल्या रेषेवर हवीत, आणि रेषा एक्स अक्षाला समांतर.